कॉम्प्युटर सारखा 'लेटर' साईज का धरतो आणि तो कायमचा ए-फोर कसा करायचा

आमचं कोर्टाच्या गेटसमोर झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, दिवसभर प्रतिज्ञापत्र, फॉर्म, हॉल तिकीट, ओळखपत्र हेच काम. गेल्या जूनमध्ये एक मुलगी परीक्षेचा अर्ज घेऊन आली, घरच्या प्रिंटरवर काढलेला, आणि खालची सहीची चौकट निम्मीच आलेली. तिच्या वडिलांनी तीनदा प्रिंट काढली होती, तिन्ही वेळा तेच. प्रिंटर खराब आहे असं समजून ते नवीन घ्यायच्या विचारात होते. प्रिंटर चांगला होता, ट्रेमध्ये ए-फोर कागद होता, पीडीएफ पण ए-फोर होती. फक्त कॉम्प्युटरच्या डोक्यात 'लेटर' बसलं होतं, म्हणजे अमेरिकेतला कागद. पाच मिनिटांत काम झालं. आठवड्यातून एखादं तरी गिऱ्हाईक हाच प्रॉब्लेम घेऊन येतं म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू, कारण बऱ्याच जणांना प्रत्येक प्रिंटच्या वेळी हाताने ए-फोर निवडायची सवय लागलीय आणि हे कायमचं बदलता येतं हेच त्यांना माहीत नसतं.

आधी मापं बघून घ्या, कारण पुढचं सगळं यावर चालतं. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. लेटर रुंदीला साधारण ६ मिमी जास्त आणि उंचीला साधारण १८ मिमी कमी. हातात घेतले तर दोन्ही सारखेच वाटतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. त्या १८ मिमीमध्ये सहीची चौकट, पान नंबर, बारकोड, काहीही जाऊ शकतं. आणि कापलं गेलं नाही तर आकसतं. समजा पीडीएफ ए-फोर आहे, कॉम्प्युटरने कागद लेटर धरलाय आणि प्रिंटच्या खिडकीत 'फिट' वर टिक आहे, तर तो पान साधारण ९४ टक्क्यांवर आणतो म्हणजे ते लेटरमध्ये बसेल, आणि मग ते बारकं झालेलं पान तुमच्या ए-फोर कागदावर छापून देतो. ८५.६ मिमी रुंदीचं ओळखपत्र ८०.५ मिमीचं होतं, लॅमिनेशनच्या पाउचमध्ये खडखडतं. ३५ बाय ४५ चा पासपोर्ट फोटो ३३ बाय ४२ च्या आसपास येतो आणि अर्जावरच्या चौकटीत भरत नाही. प्रिंट दिसायला एकदम व्यवस्थित असते म्हणून चूक लगेच कळत पण नाही.

आता हे लेटर येतं कुठून? जगात बहुतेक सगळीकडे ए-फोर चालतो. मापांची ही पद्धत जर्मनीने १९२२ साली डिन ४७६ नावाने आणली, वॉल्टर पोर्स्टमन यांनी ती मांडली, आणि १९७५ साली ती आयएसओ २१६ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे, कागद मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, म्हणून तर आपण दोन ए-फोर पानं बारीक करून एका ए-फोरवर झेरॉक्स काढतो आणि काही वाया जात नाही. मला ही कल्पना खरंच फार आवडते, रोज शंभर वेळा वापरतो तरी आवडते. आपल्याकडे १९५७ पासून हीच मापं आहेत. अमेरिका आणि कॅनडात मात्र लेटर, शिवाय मेक्सिको, फिलिपिन्स, चिली, कोलंबिया, व्हेनेझुएला, ग्वाटेमाला, पनामा, कोस्टा रिका असे काही देश. सॉफ्टवेअरवाले देशादेशांची माहिती ज्या सामायिक कोशातून घेतात, त्याचं नाव सीएलडीआर, त्यात पण हेच आहे, सगळ्या जगाला ए-फोर आणि अपवाद म्हणून चौदा-पंधरा देशांची लेटरची यादी. त्या यादीत भारत नाही. मग आपल्या कॉम्प्युटरवर लेटर का? कारण विंडोज टाकताना, मोबाईल सुरू करताना, ब्राउझर घेताना आपण 'इंग्लिश' म्हणून जे पहिलं दिसतं ते निवडतो आणि ते असतं इंग्लिश (युनायटेड स्टेट्स). आपण भाषा निवडतोय असं आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर मात्र त्यातून देश वाचतो, आणि देशावरून कागद.

हे एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे 'डीफॉल्ट साईज' ही एका जागी बसलेली सेटिंग नाही. पाच जागा आहेत. विंडोज, मॅक किंवा लिनक्सची रीजन सेटिंग, प्रिंटरच्या नावावर साठवलेली सेटिंग, वर्ड-एक्सेल-क्रोम अशा प्रोग्रॅमची स्वतःची, त्या फाईलची स्वतःची, आणि शेवटी प्रिंटरच्या ट्रेची. वरची जागा खालच्या जागेला सुरुवातीला एकदा सांगते आणि मग विसरते. म्हणून लोक रीजन बदलतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही, अहो पडणार कसा, प्रिंटर दोन वर्षांपूर्वी टाकलाय, त्याने तेव्हाच लेटर लिहून घेतलंय, तो परत विचारायला जात नाही.

मी दुरुस्ती करताना उलटीकडून सुरू करतो, आधी फाईल बघतो. पीडीएफ ॲडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबलं की माहिती येते, त्यात पेज साईज लिहिलेला असतो. ८.२७ बाय ११.६९ इंच दिसलं तर ए-फोर, ८.५ बाय ११ दिसलं तर लेटर. काही प्रोग्रॅम पॉइंटमध्ये दाखवतात, तिथे ५९५ बाय ८४२ म्हणजे ए-फोर आणि ६१२ बाय ७९२ म्हणजे लेटर. फाईलच लेटर असेल तर तुमचा कॉम्प्युटर निर्दोष आहे, ती बनवणाऱ्याकडे बघा. अमेरिकेतल्या नातेवाईकांनी पाठवलेली मुखत्यारपत्रं वगैरे कायम लेटरच असतात, तिथे ते बरोबरच आहे. ती आपल्याकडे ए-फोरवर काढताना 'फिट' ठेवा, साधारण ९७ टक्क्यांवर येतात, मजकूर सगळा येतो. आणि आपण तिकडे काही पाठवत असाल तर खाली दोन सेंटीमीटर तरी मोकळी जागा सोडा, म्हणजे त्यांच्या लेटरवर आपली शेवटची ओळ उडणार नाही.

फाईल ए-फोर निघाली तर मग कॉम्प्युटरकडे.

विंडोजमध्ये कागदाची माहिती रीजनच्या सेटिंगला चिकटलेली असते पण कुठेही डोळ्यांना दिसत नाही, ही मुख्य अडचण. तारीख कशी लिहायची, रुपयाचं चिन्ह, दशांशाचा ठिपका हे सगळं तुम्हाला तिथे दिसतं, कागद दिसत नाही. आत रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोज स्वतःच्या सेटिंग जिथे साठवतं तिथे, तुमच्या युझरच्या कंट्रोल पॅनलखाली इंटरनॅशनल नावाचा कप्पा आहे, त्यात आयपेपरसाइझ नावाची नोंद असते, तिच्यात १ असेल तर लेटर, ५ असेल तर लीगल, ८ असेल तर ए-थ्री आणि ९ असेल तर ए-फोर. कुठलाही प्रोग्रॅम विंडोजला विचारतो की इथे कुठला कागद चालतो, तेव्हा विंडोज हा आकडा वाचून सांगतं. रजिस्ट्रीत हात घालायची गरज नाही, रीजनल फॉरमॅट बदलला की आकडा आपोआप बदलतो.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. इथे दोन गोष्टी असतात आणि लोक हमखास चुकीची बदलतात. एक आहे 'कंट्री ऑर रीजन', ती इंडिया केली की लोकांना वाटतं झालं. ती बातम्या, हवामान, स्टोअर यांच्यासाठी आहे, कागदाशी तिचा संबंध नाही. आपल्याला पाहिजे ती दुसरी, 'रीजनल फॉरमॅट'. ती इंग्लिश (इंडिया) करा. मराठी (इंडिया) केली तरी कागद ए-फोरच होतो पण मग महिने-वारांची नावं वगैरे मराठीत यायला लागतात, काही हिशेबाची जुनी सॉफ्टवेअर त्यावर गोंधळतात, म्हणून दुकानाच्या मशीनवर मी इंग्लिश (इंडिया) ठेवतो. यात बोनस म्हणजे आकडे १,००,००० असे आपल्या पद्धतीने स्वल्पविराम पडून येतात आणि तारखेत दिवस आधी येतो. पण एक सांभाळा, एक्सेलमध्ये तारखांची मोठी यादी असेल आणि ती तुम्ही महिना-आधी पद्धतीने टाईप करत आला असाल तर आधी फाईलची कॉपी ठेवा आणि यापुढे तारीख टाकताना लक्ष द्या, ५/६ म्हणजे आता पाच जून होणार.

हे झालं की एक गोष्ट अजून, ही सहसा कोणी सांगत नाही. जुन्या कंट्रोल पॅनलमधलं रीजन उघडा, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह नावाचा टॅब आहे, तिथे 'कॉपी सेटिंग्ज' असं बटण. ते दाबून वेलकम स्क्रीन आणि नवीन युझर अकाउंट दोन्हीवर टिक करा. नाहीतर काय होतं, तुमच्या लॉगिनला ए-फोर पण आतल्या सिस्टीमच्या खात्याला अजून अमेरिकाच, आणि उद्या मुलीसाठी नवीन अकाउंट काढलं की तिथे परत लेटर.

आता प्रिंटर. रीजन बदलायच्या आधी टाकलेल्या प्रिंटरला हाताने सांगावं लागतं. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर निवडा, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा. इथे पण सारख्या दिसणाऱ्या दोन जागा. पहिल्या जनरल टॅबवर 'प्रेफरन्सेस' बटण आहे, ते फक्त तुमच्या लॉगिनपुरतं. ॲडव्हान्स्ड टॅबवर 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' आहे, ते सगळ्या युझरसाठी, त्याला ॲडमिनचा हक्क लागतो. घरी दोन्हीकडे ए-फोर करून टाका, विषय संपला. ऑफिसात किंवा सायबर कॅफेत जिथे बरेच लॉगिन आहेत तिथे प्रिंटिंग डीफॉल्ट्स जास्त महत्त्वाचं, पण ज्याने स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्ये कधी काही बदललंय त्याला ते लागू होत नाही, त्याचं स्वतःचंच चालतं. म्हणून एकाच मशीनवर साहेबांच्या लॉगिनला बरोबर येतं आणि क्लार्कच्या लॉगिनला कापून येतं, असं दिसलं तर घाबरू नका, कारण हेच असतं. त्याच खिडकीत बऱ्याच लेझर प्रिंटरना 'डिव्हाइस सेटिंग्ज' टॅब पण असतो, कुठल्या ट्रेमध्ये कुठला कागद ते तिथे लिहिलेलं असतं, तिथे लेटर राहिलं तर बाकी सगळं ए-फोर करूनही लाल दिवा लुकलुकत बसतो.

दहा-वीस मशीन असतील तर पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या कमांड टाईप करायच्या खिडकीतून, सेट-प्रिंटकॉन्फिगरेशन कमांडने प्रिंटरचं नाव देऊन पेपरसाइझ ए-फोर करता येतो, आणि गेट-प्रिंटकॉन्फिगरेशनने आत्ता काय आहे ते बघता येतं. शाळेच्या लॅबसाठी हे फार सोयीचं, एकेक मशीनवर बसून क्लिक करत राहावं लागत नाही.

मॅकवाल्यांचं काम सोपं आहे. सिस्टीम सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथेच 'डीफॉल्ट पेपर साईज' लिहिलेलं असतं, ए-फोर करा. सुरुवातीला मॅक पण रीजनवरूनच ठरवतो, म्हणून जनरलमधल्या लँग्वेज अँड रीजनमध्ये रीजन इंडिया आहे ना ते बघून घ्या, भाषा अमेरिकन इंग्लिश राहिली तरी चालते, मॅकने भाषा आणि देश वेगळे ठेवलेत हे मला बरं वाटतं. फक्त जुनी फाईल तिच्यासोबत जुना पेज सेटअप घेऊन येते, ती त्या प्रोग्रॅमच्या फाईल मेनूतल्या पेज सेटअपमधूनच बदलावी लागते.

लिनक्स आमच्या दुकानात एका मशीनवर आहे आणि सगळ्यात उघड कारभार तिथला, सगळं वाचता येतं. लिनक्समध्ये भाषा-देशाच्या सेटिंगचे वेगवेगळे भाग असतात, तारखेचा वेगळा, पैशाचा वेगळा, आणि कागदाचा चक्क स्वतंत्र भाग आहे, एलसी पेपर. त्यात फक्त उंची आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. मराठी-भारत किंवा इंग्लिश-भारत असेल तर २९७ आणि २१०, इंग्लिश-अमेरिका असेल तर २७९ आणि २१६. उबुंटू टाकताना भाषा अमेरिकन इंग्लिश निवडली तरी जागा कोलकाता टाइम झोनची दिली तर ते कागदाचा भाग इंग्लिश-भारत करून ठेवतं, म्हणून उबुंटूवर हा त्रास कमी दिसतो. त्याशिवाय इटीसी फोल्डरमध्ये पेपरसाइझ नावाची एका ओळीची फाईल असते, त्यात ए-फोर की लेटर एवढंच लिहिलेलं, आणि पेपरसाइझ याच नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीम प्रोग्रॅमना देते ती नाव-किंमतीची जोडी) दिलं तर त्या फाईलपेक्षा त्याचं जास्त चालतं. टर्मिनलवर पेपरकॉन्फ असं टाईप केलं की सिस्टीम आत्ता काय समजतेय ते एका शब्दात सांगते.

पण लिनक्सवर छपाईचं खरं काम कप्स नावाचा प्रोग्रॅम करतो, आणि कप्स नवीन प्रिंटर टाकताना स्वतः डोकं चालवतं. त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये डीफॉल्ट-पेपर-साइझ नावाची ओळ असते, ती 'ऑटो' असेल तर ते सिस्टीमची कागदाची सेटिंग बघतं, ती बघायची सोय नसेल तर भाषा बघतं, आणि भाषा नुसती इंग्लिश, अमेरिकन इंग्लिश, कॅनडाचं इंग्लिश किंवा फ्रेंच, किंवा भाषाच सेट केलेली नसली तर लेटर, बाकी सगळ्यांना ए-फोर. आता गंमत बघा, भाषाच सेट केलेली नाही अशा अवस्थेला लिनक्समध्ये 'सी' म्हणतात, त्या 'सी' मध्ये एलसी पेपर सांगतो २९७ बाय २१०, म्हणजे ए-फोर, आणि कप्स त्याच 'सी' ला लेटर समजतं. एकाच मशीनवर दोन उत्तरं! छोट्या बोर्डावर किंवा जुन्या पीसीवर सर्व्हर म्हणून लिनक्स टाकून त्याला प्रिंटर जोडतात तिथे लेटर येतं त्यामागे बऱ्याचदा हे असतं. उपाय सोपा आहे, त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट ६३१ उघडा, प्रिंटर निवडा, 'सेट डीफॉल्ट ऑप्शन्स' मध्ये मीडिया साईज ए-फोर करा. एलपीऑप्शन्स कमांडने केलं तर लक्षात ठेवा, साध्या युझरने केलेला बदल त्याच्या होम फोल्डरमध्ये साठतो, रूटने, म्हणजे ॲडमिनच्या खात्याने केलेला सगळ्यांना लागतो.

आता प्रोग्रॅम. इथे विंडोज, मॅक, लिनक्स सगळं बरोबर असूनही फसायला होतं.

क्रोमचं 'सेव्ह ॲज पीडीएफ' हे मोठं कारण आहे आणि आजकाल सगळे फॉर्म तिथूनच निघतात. तिथे खरा प्रिंटर नसतोच, मग कागद ठरवायचा कसा, तर क्रोम स्वतः कुठल्या भाषेत दिसतोय त्यावरून. आपल्याकडे तो बहुतेक इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) मध्ये असतो, म्हणून भारतात, भारतीय वेबसाइटचं पान, आणि पीडीएफ निघते लेटर. ती पीडीएफ मग व्हॉट्सॲपवर आमच्याकडे येते आणि आम्ही ए-फोरवर काढतो तेव्हा बाजूच्या कडा ३-३ मिमी खाऊन जातात. प्रिंटच्या खिडकीत 'मोअर सेटिंग्ज' उघडून पेपर साईज ए-फोर करा, एकदा केलं की क्रोम पुढच्या वेळी तेच धरतो. नाहीतर क्रोमची दिसायची भाषा मराठी किंवा इंग्लिश (युनायटेड किंगडम) करा, म्हणजे मुळातच ए-फोर येतं. मराठी केलंत तर मला तरी आनंद आहे.

अँड्रॉइड मोबाईलचं पण तसंच, फोनची भाषा इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) असेल तर प्रिंटच्या पानावर लेटर येऊन बसतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषा इंग्लिश (इंडिया) किंवा मराठी करा. आमच्याकडे येणारी तरुण मुलं सगळं मोबाईलवरूनच पाठवतात, त्यांना मी पहिलं हेच करायला सांगतो.

वर्डमध्ये कोऱ्या पानाचा साईज नॉर्मल नावाच्या टेम्प्लेटमध्ये असतो. लेआउटमध्ये साईज, मग सगळ्यात खाली 'मोअर पेपर साइझेस', तिथे ए-फोर निवडा आणि ओके न करता आधी 'सेट ॲज डीफॉल्ट' दाबा. नुसतं ओके केलं तर फक्त त्या एका फाईलपुरतं होतं, हीच चूक सगळ्यांची. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डच्या प्रिंट भागात ए-फोर आणि साडेआठ-अकराच्या कागदासाठी मजकूर आपोआप लहान-मोठा करायची एक टिक पण असते. साध्या पत्राला ती असू द्या, पण ज्या फॉर्ममध्ये मापं महत्त्वाची आहेत तिथे काढून टाका, कारण ती न विचारता आकसवते. एक्सेल मात्र नवीन शीटसाठी डीफॉल्ट प्रिंटरकडे बघतं, म्हणून प्रिंटर ए-फोर केला की एक्सेल सुधारतं. लिबर ऑफिस त्याच्या ऑप्शन्समधल्या लोकेलवर, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगवर चालतं. गूगल डॉक्समध्ये फाईल मेनूत पेज सेटअप, ए-फोर, आणि तिथेही 'सेट ॲज डीफॉल्ट' दाबायचं. कॉलेजवाले लाटेक (प्रबंध वगैरे टाईपसेट करायचं सॉफ्टवेअर) वापरत असतील तर डॉक्युमेंटच्या पहिल्या ओळीत ए-फोर-पेपर हा पर्याय लिहाच, त्याचे नेहमीचे क्लास मुळात लेटर धरूनच बनवलेत.

आता ट्रे. प्रिंटरला आतला कागद बऱ्याचदा दिसत नसतो, तुम्ही त्याला जे सांगितलंय ते तो खरं मानतो. जुन्या लेझर प्रिंटरच्या छोट्या पट्टीवर 'पीसी लोड लेटर' असं यायचं, त्यातलं पीसी म्हणजे पेपर कॅसेट, म्हणजे कागदाचा ट्रे, आणि लेटर म्हणजे लेटर साईज. लोक तासभर कॉम्प्युटर बंद-चालू करत बसायचे, आणि तो बिचारा फक्त म्हणत होता की तुम्ही लेटर मागितलाय, माझ्याकडे नाही, टाका. आजही वेगळ्या शब्दांत तोच निरोप येतो. हे आलं की कागद बदलू नका, प्रिंट कॅन्सल करा आणि वरच्या जागांपैकी कुठे लेटर राहिलंय ते शोधा. ट्रेचा साईज प्रिंटरच्या पॅनलवर किंवा ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी ॲड्रेस टाकून उघडणाऱ्या त्याच्या पानावर बदलता येतो.

आणि यापुढे याच जागेला जास्त महत्त्व येणार आहे. वायफायवरचे नवीन प्रिंटर ड्रायव्हरशिवाय, म्हणजे कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर न टाकता चालतात, एअरप्रिंट, मोप्रिया वगैरे पद्धतींनी, त्यात कॉम्प्युटर प्रिंटरलाच विचारतो की तुझा नेहमीचा कागद कुठला आणि आत्ता ट्रेमध्ये काय आहे, आणि प्रिंटर जे उत्तर देईल तेच डीफॉल्ट. मायक्रोसॉफ्टने पण २०२३ मध्ये जाहीर केलंय की कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर ते हळूहळू बंद करत आणणार. म्हणजे नवा प्रिंटर घेतला की खोक्यातून काढल्यावर पहिल्यांदा त्याच्या पॅनलवर देश इंडिया आणि ट्रे ए-फोर करून घ्या, कॉम्प्युटर नंतर जोडा. या क्रमाने केलं तर पुढचा बराच त्रास वाचतो.

लीगलबद्दल वेगळं सांगतो कारण कोर्टाजवळ बसल्यामुळे हे रोजचं आहे. सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई सुरू केली, फार चांगलं झालं, किती कागद वाचला. पण खालच्या कोर्टांच्या काही कामांना आमच्याकडे लांब कागद मागतात, आणि बाजारात ज्याला सगळे 'लीगल' म्हणतात तो दर वेळी एकच नसतो. विंडोजच्या यादीतला लीगल साडेआठ बाय चौदा इंच, म्हणजे ३५५.६ मिमी उंच. फुलस्केप किंवा एफएस म्हणून मिळतो तो बऱ्याचदा साडेआठ बाय तेरा, ३३० मिमी. एक इंचाचा फरक, सहीची जागा गेलीच समजा. म्हणून नवीन रिम फोडली की फूटपट्टी लावा. तेराचा असेल आणि तुमच्या प्रिंटरच्या यादीत तो साईज नसेल तर प्रिंटर्सच्या पानावरून 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' उघडा, फॉर्म्स टॅबमध्ये 'क्रिएट अ न्यू फॉर्म' वर टिक करा, नाव द्या, रुंदी २१.५९ सेंमी, उंची ३३.०२ सेंमी टाका आणि सेव्ह करा. नंतर तो साईज प्रिंटरच्या यादीत दिसायला लागतो. काही स्वस्त इंकजेटचे ड्रायव्हर हे ऐकत नाहीत, त्यांच्या स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्ये 'कस्टम' म्हणून वेगळं माप टाकावं लागतं. आणि लांब कागदाचं काम झालं की ट्रे परत ए-फोर करायचा, आमच्याकडे मी ट्रेवरच कागदी पट्टी चिकटवलीय, आत काय आहे ते लिहून.

सगळं बदलून झालं की तपासायचं असं. वर्डमध्ये बरोबर १०० मिमी लांबीची एक रेघ काढा, पीडीएफ करा, ॲडोबी रीडरमधून 'ॲक्च्युअल साईज' ठेवून एक प्रिंट आणि 'फिट' ठेवून एक प्रिंट काढा, दोन्ही फूटपट्टीने मोजा. पहिली १०० यायला पाहिजे. दुसरी ९६-९७ आली तरी ठीक, प्रिंटर कडेला स्वतःची थोडी जागा सोडतो म्हणून तेवढं होतं. पण दुसरी ९४ किंवा त्याच्या खाली आली तर कुठेतरी लेटर अजून शिल्लक आहे, आणि माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये सापडतं, त्या लॉगिनमध्ये ज्यात तुम्ही आत्ता बसलाय.